पाठीवरची धूळ

माझे वडील एकतीस वर्षं शाळेत मुलांना ‘हलू नका रे’ सांगत आले आणि निवृत्त झाल्यावर तेच किड्यांना सांगू लागले. मुलं निदान सुट्टीच्या घंटेपर्यंत ऐकत. किडे तेवढंही मनावर घेत नसत.

जयवंत पुजारे गुरुजी, मुक्काम मोगरणे, तालुका देवगड. घरात अण्णा. आई गेल्यावर ते एकटेच राहत होते आणि मी पुण्याला नोकरीत होते. आमच्या घरामागून तासभर चढलं की सडा लागतो, म्हणजे जांभ्या दगडाचं मैलभर सपाट पठार. पाऊस सरला की दीड-दोन महिने त्यावर वीतभर गवत आणि रानफुलं असतात, पुढे नुसता कातळ. गावाच्या दृष्टीनं तिथं काहीच नाही. अण्णांच्या दृष्टीनं तिथं इतकं होतं की एक जन्म पुरायचा नाही.

किड्याचा फोटो जवळून काढणं ही काय कटकट असते ते आधी सांगते. भिंग जितकं जवळ न्याल, तितका फोटोतला स्पष्ट भाग पातळ होत जातो. मुंगीएवढ्या किड्याच्या बाबतीत तो कागदाच्या जाडीइतका उरतो. डोळा स्पष्ट आला तर पाय पुसट, पाय साधले तर मिशा गायब. यावर जुना उपाय असा की भिंग केसभर पुढे सरकवत शंभरेक फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग तेवढा घेऊन एकच फोटो जुळवायचा. मेलेल्या किड्यावर हे छान जमतं. जिवंत किडा शंभर फोटो होईपर्यंत बसत नाही, आणि बसला तरी वारा गवताची काडी हलवतो. म्हणून काही हुशार माणसं किड्याला डबीत घालून फ्रीजमध्ये गारठवतात, मग पानावर ठेवतात आणि ‘रानातला’ म्हणून फोटो मिरवतात. अण्णांना त्याची चीड होती. ते उजाडायच्या आधी सड्यावर जात. दवानं किडे आपसूकच बधिर झालेले असतात. आईची जुनी छत्री वाऱ्याच्या बाजूला उघडून ठेवायची, पोटावर पालथं पडायचं आणि श्वास रोखून बटण दाबायचं, ही त्यांची पद्धत. घरी यायचे ते पुढून ओलेचिंब आणि मागून कोरडे.

फोटो मात्र यथातथाच यायचे. कोकणातल्या दमटपणात भिंगाला बुरशी धरते. अण्णा भिंग तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत, तरी धरायचीच. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक फोटोत पांढरे ठिपके असत. ‘हा गुरुजींचा फोटो, बघा, वर अक्षता पडल्यात,’ अशी आमच्या घरातली थट्टा होती. ती सुरू मीच केली होती.

एकोणीस वर्षांची असताना पुण्यात शिकता शिकता मला एक काम मिळालं. एका कंपनीला किड्यांचे फोटो आपोआप सुधारणारं यंत्र करायचं होतं. यंत्राला शिकवायला लाखो फोटो हवे होते, आणि प्रत्येक फोटोत धूळ कुठली नि किडा कुठला हे माणसानं खूण करून दाखवायचं होतं. मी खुणा करणाऱ्यांपैकी एक. कोकणातले फोटो हवेत म्हणाले, तेव्हा अण्णांचे सहा हजार फोटो मी त्यांना दिले. अण्णांनी हौसेनं परवानगी दिली. त्या फोटोंवर खुणाही मीच केल्या, दिवसाला नऊशे या वेगानं. पांढरा ठिपका दिसला की धूळ. मला विचारच करावा लागत नसे, लहानपणापासून त्या बुरशीची सवय होती.

त्या यंत्राचं पुढं ‘नितळ’ झालं, आणि मी त्याच कंपनीत कायमची नोकरीला लागले. नितळचा कॅमेरा एका दाबात, अर्ध्या सेकंदात चारशे फोटो घेतो. हात थरथरला, काडी हलली, किडा वळला, सगळ्याचा हिशेब करून तो ते एकावर एक बसवतो. तरीही कुठं पुसट उरलंच, तर दोन कोटी फोटोंतून जे शिकलाय त्यावरून तिथं काय असायला हवं ते भरतो. धूळ पुसतो. मग ते चारशे फोटो टाकून देतो आणि एकच, आरशासारखा फोटो ठेवतो. शिवाय त्यावर शिक्का मारतो. खोट्या चित्रांचा सुळसुळाट झाल्यापासून सरकारदरबारी साधा फोटो कुणी पुरावा म्हणून धरत नव्हतं. ज्या फोटोला कॅमेऱ्याच्या आतूनच शिक्का बसलाय, तोच खरा. किडे मारून जमवण्यावर तोवर बंदीही आली होती. थोडक्यात, एखादा किडा जगात आहे की नाही हे आता आमचा कॅमेरा सांगणार होता. याचा मला अभिमान होता, तो लपवत नाही.

अण्णांनी त्यांचा किडा २०३७च्या ऑक्टोबरात पाहिला. सड्याच्या एका कोपऱ्यात, दोनेक एकरांत, गवताच्या काडीवर बसणारा तांदळाएवढा तपकिरी ढेकूण. हातातल्या भिंगातून बघताना त्यांना त्याच्या पाठीवर पांढरे दाणे दिसले. ती अंडी होती. तळ्यातल्या पाणढेकणांत मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि पिल्लं निघेपर्यंत बाप ती वागवतो, हे अण्णा शाळेत शिकवत. पण कातळावर, गवतात, असं करणारा ढेकूण कुठल्या पुस्तकात नव्हता. त्यांनी त्याला नाव दिलं पाठकुळ्या. आठ-दहा दिवस दिसतो आणि नाहीसा होतो. त्यानंतर त्यांनी आसपासचे अकरा सडे पालथे घातले. कुठंच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या सड्यावर चिरेखाण काढायचा अर्ज आला. नियम असा होता की दुसरीकडे कुठंही नसलेला जीव एखाद्या जागेवर आहे असं शिक्क्याच्या फोटोनं दाखवलं, तर ती जागा वगळतात. अण्णांनी हरकत नोंदवली. गावातून ती एकच हरकत होती. त्यांचे हात तोवर कापायला लागले होते, जुना कॅमेरा धरवत नव्हता. मी त्यांना नितळचा नवाकोरा कॅमेरा पाठवला.

ऑक्टोबरात एका सकाळी त्यांचा फोटो आला. इतका सुंदर फोटो अण्णांनी आयुष्यात काढला नव्हता. ढेकणाच्या मिशीवरचे केस मोजता येत होते. पाठ स्वच्छ, पॉलिश केल्यासारखी. मी कौतुक कळवलं. पाच मिनिटांत त्यांचा फोन.

“शलू, पाठीर काय दिसता तुका?”

“काही नाही. छान चकचकीत आहे.”

“माका भिंगातसून दाणे दिसतत गो. धा वेळा बघलंय. फोटोत येनत नाय.”

मी नितळच्या बाजूनं विचार केला, दुसऱ्या कुणाच्या बाजूनं विचार करायची मला सवय राहिली नव्हती. वर्षापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी म्हणाले, “अण्णा, ऑपरेशननंतर काही जणांना डोळ्यांसमोर ठिपके दिसतात. पांढऱ्या-काळ्या माश्यांसारखे. तुम्ही डॉक्टरांना विचारा.”

ते म्हणाले, “तू येशीत काय आठवडाभर? तूच बघ. गावातलो कोण फाटफटी, उजाडूच्या आदी, तासभर चढान ढेकूण बघूक येवचो नाय.”

मला सुट्टी नव्हती. म्हणजे मागितली असती तर मिळाली असती. मी म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की येते.

कणकवलीच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि या वयात थोडेफार ठिपके असायचेच असं सांगितलं. तेवढ्यात पाठकुळ्याचे दहा दिवस संपले. अण्णांकडे चाळीस फोटो होते, चाळीसही शिक्क्याचे, चाळीसांतही पाठ कोरी. हरकती तपासणाऱ्या समितीच्या तज्ज्ञानं ते पाहून लिहिलं की हा कोकणात सर्वत्र सापडणारा साधा गवती ढेकूण आहे. त्या साध्या ढेकणात आणि पाठकुळ्यात बाहेरून दुसरा काही फरकच नव्हता.

डिसेंबरात ग्रामपंचायतीच्या सभागृहात जनसुनावणी झाली. मी ती पुण्यातून मोबाइलवर पाहिली. अधिकाऱ्यांनी हरकतदाराचं नाव पुकारलं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दुसरा कुणी असता तर फोटो काही म्हणोत, मी पाहिलंय म्हणून हटून बसला असता. पण ते गुरुजी. परीक्षेत एक गुण चुकून जास्त दिला गेला तर दुसऱ्या दिवशी मुलाच्या घरी जाऊन सांगणारे.

“मी पाहिलं असं मी म्हटलं होतं,” ते म्हणाले. सभेत ते पुस्तकी मराठी बोलत. “परंतु छायाचित्रांत ते नाही. माझी दृष्टी आता भरवशाची राहिलेली नाही. जे सिद्ध करता येत नाही त्यासाठी चारचौघांचं काम अडवून धरणं योग्य नव्हे. मी हरकत मागे घेतो.”

त्यांनी सही केली. मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

फेब्रुवारीत माझी सहकारी निखत शेख एक आलेख घेऊन माझ्या टेबलाशी आली. नितळची नवी आवृत्ती तपासायचं काम तिच्याकडे होतं. एप्रिलमध्ये ती आवृत्ती सगळ्या मोबाइलमध्ये जाणार होती.

“हे बघ,” ती म्हणाली. “पूर्वी नुसत्या फोटोंवरून वर्षाला शेकडो नवे किडे सापडायचे. नितळ आल्यापासून उतरती कळा. गेल्या वर्षी जगभरात मिळून चार.”

“किडे कमी झाले असतील.”

“तेही झालेत. पण इतके? मला वाटतं, आपल्या यंत्राला जे माहीत नाही त्याला ते घाण समजतंय. सगळ्यात जुन्या खुणा तुझ्या आहेत. एकदा बघतेस?”

मी त्या दिवशी तेरा वर्षांनी माझ्याच खुणा उघडल्या. अण्णांचे ते सहा हजार फोटो आता फक्त आमच्याकडे उरले होते, घरची प्रत मागेच एका पावसाळ्यात डिस्कसकट गेली होती. शोधायला फार वेळ लागला नाही. गवताची काडी, तांदळाएवढा तपकिरी ढेकूण, सलग बारा फोटो. पाठकुळ्या ओळखीचा होण्याच्या कितीतरी आधी अण्णांनी तो नकळत टिपला होता, ठिपके त्यांनाही बुरशीच वाटले असणार. पाठीवर पुसट पांढरे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती माझी लाल खूण. धूळ. धूळ. धूळ.

भिंगावरची बुरशी भिंगाबरोबर राहते. बारा फोटोंत ती एकाच जागी दिसायला हवी. हे ठिपके किडा काडीवर जसा चढत गेला तसे त्याच्याबरोबर चढत गेले होते. बाराव्या फोटोत एक दाणा फुटला होता आणि त्यातून सुईच्या टोकाएवढे दोन पाय बाहेर आले होते. त्याच्यावरही माझी खूण होती.

म्हणजे अण्णांचे डोळे ठीक होते. यंत्राचे डोळे मी दिलेले होते.

निखतला मी म्हटलं, अहवाल लिहायला मला दोन आठवडे दे. दोनाचे चार झाले. प्रत्येक खुणेखाली खूण करणाऱ्याचं नाव असतं आणि माझं नाव वाचलं जाईल याची मला भीती वाटत होती. आवृत्ती बाहेर पडण्याच्या तोंडावर हे सांगितलं तर नोकरी जाईल, याचीही. पण त्याहून मोठी भीती अण्णांना फोन करायची होती. शिमग्याला घरी जाईन तेव्हा समोर बसून सांगू, असं मी ठरवलं. अशी गोष्ट फोनवर सांगायची नसते, असंही स्वतःला समजावलं. पळवाट शोधणाऱ्याला कारणांचा कधी तोटा पडत नाही.

शिमग्याला गेले. खाणीची परवानगी आली होती, पण काम सुरू व्हायचं होतं. निकालावर अपील करायची मुदत एप्रिलअखेर होती, तो कागद अण्णांच्या कपाटावर कॅलेंडरच्या मागं खोचलेला मी पाहिला. अण्णा मागच्या परसात वांग्यांना पाणी घालत होते. तब्येत सुधारली होती. चेहऱ्यावर वर्षानुवर्षांचा तो पहाटेचा ओढलेला भाव नव्हता.

“आठ वाजेपर्यंत झोपतंय आता,” ते म्हणाले. “बरां झाला गो. मनाक लावन घेतलेलंय नुसता. होता काय थय? साधो ढेकूण.” आणि हसले.

ते हसणं मोडायची माझी हिंमत झाली नाही. पोळी खाल्ली, पालखी नाचवताना पाहिली आणि पुण्याला परतले. आजही कुणी विचारलं तर मी म्हणते, त्यांची शांतता मोडायची नव्हती म्हणून बोलले नाही. त्यात अर्धंच खरं आहे.

एप्रिलमध्ये नितळची नवी आवृत्ती तशीच बाहेर पडली आणि अपिलाची मुदतही गेली. मेच्या मध्यात अण्णांचा निरोप आला. ‘चिरे कापायचं यंत्र आलं. आवाज घरापर्यंत येतो. बाकी ठीक.’ कातळाच्या भेगांतल्या मातीत, गवताच्या मुळांशी, पाठकुळ्याची पुढची पिढी ऑक्टोबरची वाट बघत असणार होती. यंत्राचं पातं सगळ्यात आधी त्याच कोपऱ्यात उतरलं, कारण रस्त्याला तो जवळ.

त्यानंतर मी निखतला सगळं सांगितलं आणि अहवाल दिला. जूनच्या दोन तारखेला बारा फोटो कागदावर छापून घरी गेले.

अण्णा ओटीवर बसले होते. मी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवले आणि बोलायला लागले. बुरशी, खुणा, नितळ, पुसलेली पाठ. मग त्यांनी कपाटातून भिंग आणलं आणि एकेक फोटो पाहिला. बाराव्याशी थांबले.

“पिल्लू येता हा,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आले ते बरं केलं. “म्हणजे माझे डोळे बरे होते.”

“हो अण्णा. तुम्ही बरोबर पाहिलं होतंत.”

“बरे होते,” ते पुन्हा म्हणाले.

सड्यावरून यंत्राचा आवाज येत होता. तो त्यांना तेव्हा ऐकू आला असावा, कारण भिंग खाली आलं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि काय होतंय ते मला समजत होतं. इतके दिवस ते एक चुकलेले म्हातारे होते, आणि चुकलेल्या माणसाला झोप लागते. आता ते बरोबर होते. बरोबर असून, एकट्यानं पाहिलेलं असून, चारचौघांत उभं राहून त्यांनी आपल्या हातानं सही केली होती.

“माझा एक नाव होता त्या कागदार,” ते म्हणाले. “एकच. आणि ता मीच काढलंय.”

“अण्णा, चूक माझी आहे. खुणा माझ्या आहेत. डोळ्यांचं मीच तुमच्या डोक्यात भरवलं.”

“तू पोर होतंस. आणि तुका यंत्रान फसवल्यान.” मग त्यांनी मान वर केली. मुलांना उत्तर विचारताना करत तशी. “ह्यां तुका कधी कळला?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. पुण्यापासून देवगडपर्यंत दुसरं काही मनात नव्हतं. फेब्रुवारी, असं मी म्हणणार होते. ठरवून आले होते.

“गेल्या आठवड्यात,” मी म्हणाले.

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. स्वतःसाठी नव्हे, माझ्यासाठी.

“मगे तुझो दोष काय नाय,” ते म्हणाले. “तेवां काय करूक येवचा नव्हता. सही माझी हा.”

त्यानंतरचं जवळजवळ दीड वर्ष भराभर सांगते. अहवालानंतर नितळमध्ये धूळ न पुसण्याचं बटण आलं, माझी नोकरीही गेली नाही, उलट प्रामाणिकपणाबद्दल कौतुक झालं. अण्णांनी समितीला पत्रं लिहिली. उत्तर आलं की जुन्या फोटोंवर शिक्का नाही आणि ती जागा आता अस्तित्वात नाही. गावात ज्याला त्याला ते थांबवून सांगत, ‘माझ्या हातान झाला.’ लोक म्हणत, जाऊ दे गुरुजी, ढेकूणच तो. पुढच्या दोन्ही वर्षी ऑक्टोबरात ते पुन्हा पहाटे उठून निघाले, आजूबाजूच्या सड्यांवर, कापऱ्या हातात नुसतं भिंग घेऊन. मी दोन्ही वेळा सुट्टी काढून बरोबर गेले आणि त्यांच्या शेजारी दवात पालथी पडले. साधे गवती ढेकूण पुष्कळ दिसले. त्यांच्या पाठी कोऱ्या होत्या.

दुसऱ्या ऑक्टोबरात छातीत कफ भरला आणि त्यांना कणकवलीच्या इस्पितळात ठेवलं. मोगरण्याहून माणसं भेटायला येत. शेवटच्या आदल्या दिवशी त्यांचे पाच-सहा जुने विद्यार्थी आले होते, आता चाळिशीतले, अजूनही खाटेपासून हातभर लांब उभे राहणारे. मी थर्मासमधून चहा ओतत होते. अण्णांना बोलताना दम लागत होता, तरी त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“यंत्राची चूक जगात कोणाक दिसली नाय. माझ्या चेडवान शोधून काढल्यान,” ते म्हणाले. “नशीब बघा. तिका चार म्हयने आदी कळला असता ना, तर तिना सडो वाचवलो असतो.”

सगळे माझ्याकडे आदरानं बघायला लागले. मी थर्मासचं झाकण लावलं आणि बिनसाखरेचा कुणाला हवा आहे का, ते विचारलं.